प्रत्यक्ष कामाच्या वेळचा वेग

बायकोने मला एकच काम सांगितलं होतं. "अहो, तेवढं नेटचं बघा." चार शब्दांची कामगिरी. लग्नाच्या सव्वीस वर्षांत तिने इतकं सुटसुटीत काम माझ्यावर कधी सोपवलं नव्हतं, आणि यापुढे सोपवेल अशी लक्षणं दिसत नाहीत.

तिच्या शाळेच्या मुख्याध्यापिका निवृत्त होत होत्या. त्या जागेसाठी तिघांची नावं पुढे गेली होती, त्यात हिचं एक. ही चोवीस वर्षं गणित शिकवते. संस्थेचं मुख्य कार्यालय दुसऱ्या गावी असल्यामुळे मुलाखत व्हिडिओवर होणार होती. तीन आठवड्यांनी, मंगळवारी, सकाळी अकरा वाजता. कोणाला शाळेच्या यंत्रणेचा गैरफायदा मिळू नये म्हणून तिघांनीही ती आपापल्या घरून द्यायची, असा आदेश होता.

आमच्या घरात तेव्हा इंटरनेट म्हणजे दोघांचे दोन मोबाइल. त्यांना रेंज यायची ती स्वयंपाकघराच्या खिडकीशी, आणि तीही मान डावीकडे कलती धरली तर. मुख्याध्यापकपदाची मुलाखत कलत्या मानेने देणं बरं दिसलं नसतं.

"मला ती खुर्ची नकोय हो," ती एकदा कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाली होती. "मला वेळापत्रक हवंय. चोवीस वर्षं गणिताचा तास जेवणाच्या सुट्टीनंतर लावतात. पोरं डुलक्या काढतात आणि मग म्हणतात, गणित अवघड. एकदा तो तास सकाळी पहिला लावून बघायचाय मला."

एवढीच तिची महत्त्वाकांक्षा. आणि ती आता माझ्या हातात होती.

दुसरा कोणी असता तर दुकानात जाऊन काहीतरी घेऊन आला असता. पण मी एका मोठ्या कार्यालयाच्या खरेदी विभागात आहे. आमच्याकडे साधं टाचणयंत्र घ्यायचं तरी तीन दरपत्रकं मागवावी लागतात, त्यांचा तुलनात्मक तक्ता करावा लागतो, आणि तक्त्यातला प्रत्येक रकाना भरावा लागतो. रकाना रिकामा राहिलेला तक्ता मी आजवर पुढे जाऊ दिलेला नाही. मोठमोठ्या साहेबांचे परत पाठवले आहेत. याबद्दल माझ्या पाठीमागे माझी नक्कल केली जाते हे मला ठाऊक आहे, आणि ती चांगली केली जाते हेही.

तेव्हा मी रविवारी सकाळी एक कोरा मोठा कागद घेतला, पट्टीने रेघा मारल्या आणि वर लिहिलं : मोबाइलचं बिनतारी इंटरनेट विरुद्ध घरगुती ब्रॉडबँड.

बायको चहा घेऊन आली. तिने कागदाकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"एक काहीतरी घ्या ना आणि मोकळे व्हा."

"तुलना न करता?"

ती काही बोलली नाही. वर्गात एखाद्या मुलाने पहिलीच पायरी चुकवली की ती अशीच गप्प राहत असावी.

पहिली अडचण लगेच आली. पर्याय दोनच होते, दरपत्रकं तीन लागतात. म्हणून मी वरच्या मजल्यावर गेलो. तिथे आमच्या इमारतीतले तज्ज्ञ राहतात. ते टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झाले आहेत. त्यांचं खरं नाव पत्रपेटीवर लिहिलेलं आहे, पण सगळे त्यांना तज्ज्ञच म्हणतात. पूर्वी थट्टेने म्हणायचे, आता सवयीने.

"वायर ती वायर!" तज्ज्ञ म्हणाले. "मोबाइलचं नेट म्हणजे सार्वजनिक नळ. सगळे घरी आले की धार बारीक. वायर तुमच्या एकट्याची. आत काय चाललंय ते कोणाच्या बापाला कळत नाही."

जिन्यात आमच्या इमारत समितीच्या सचिवबाई भेटल्या. त्यांनी सगळं ऐकलेलंच होतं.

"त्यांचं काय ऐकता?" त्या म्हणाल्या. "वायरीला उंदीर लागतो. हवेला उंदीर लागतो का? मोबाइलचंच घ्या."

हा मुद्दा बिनतोड होता. मी तक्त्यात 'उंदीर' असा नवा रकाना घातला.

तिसऱ्या पर्यायाचा प्रश्न तज्ज्ञांनीच सोडवला. "माझं वायफाय वापरा की! वरून खाली झिरपतंच आहे. तुमच्याकडे नेमकं कुठे उतरतं तेवढं शोधून काढा." मी मोबाइल छातीशी धरून घरभर फिरलो. ते न्हाणीघरात उतरत होतं, बादलीच्या बरोबर वर. मी नोंद केली : वेग समाधानकारक, पार्श्वभूमी असमाधानकारक. पण दरपत्रकं तीन झाली.

आता प्रत्यक्ष चाचणी. मोबाइलवरचं नेट त्याच दिवशी मिळालं. दुकानातल्या मुलीने साबणाच्या वडीएवढी एक डबी हातात दिली आणि म्हणाली, "काका, चालू करा, झालं." मला एकाएकी काका केल्याचं दुःख गिळून मी डबी घरी आणली. ती खरंच चालू झाली. खिडकीच्या गजाला सुतळीने बांधली की सकाळी वेग चाळीस. संध्याकाळी लोक घरी परतले की तीन. पडदा वाऱ्याने हलला की दोन. समोरच्या इमारतीतले गृहस्थ गॅलरीत उभे राहिले की वेग आणखी घसरतो असं माझं निरीक्षण होतं. मी त्यांना आत जाण्याची विनंती केली. त्यांनी ती मानली नाही.

ब्रॉडबँडला मात्र भिंतीला भोक लागत होतं, आणि भोकाला समितीची परवानगी.

इथे एक कटू गोष्ट सांगणं भाग आहे. तीन वर्षांपूर्वी दुसऱ्या मजल्यावरच्या दाताच्या डॉक्टरांना वातानुकूलन यंत्रासाठी भोक पाडायचं होतं. ते अडवण्यासाठी समितीने दोन नियम केले. तिन्ही सदस्य हजर असल्याशिवाय भिंतीसंबंधी ठराव होणार नाही. आणि ज्याचा स्वतःचा संबंध असेल त्या सदस्याने चर्चेत भाग घेऊ नये. समितीचे सदस्य तीन : सचिवबाई, तज्ज्ञ आणि मी. नियमांचा मसुदा माझा.

"तुम्ही नसलात तर बैठक होत नाही," सचिवबाई म्हणाल्या. "आणि असलात तर चालत नाही."

"मग?"

त्यांनी बराच विचार केला. "हजर राहा. पण भिंतीकडे तोंड करून बसा."

मी भिंतीकडे तोंड करून बसलो. दार उघडं होतं, आणि दाताचे डॉक्टर मुद्दाम दवाखाना लवकर बंद करून दारात उभे होते, हे मला त्यांच्या खोकल्यावरून कळलं. समोरच्या भिंतीवर नियमावली लावलेली होती. खाली माझी सही, सुवाच्य.

"भोक करंगळीएवढं असावं," सचिवबाई ठराव सांगू लागल्या.

"कोणाची करंगळी?" माझ्या तोंडून गेलं. मोघम मोजमाप मला सहन होत नाही.

"तुम्ही भाग घेताय."

"मी फक्त—"

"भिंतीकडे बघा!"

डॉक्टर इतक्या समाधानाने खोकले की मला त्यांच्या छातीची काळजी वाटली. तासाभराच्या चर्चेनंतर तज्ज्ञांची करंगळी प्रमाण मानण्यात आली. तिचा घेर मोजून इतिवृत्तात लिहिला गेला.

वायरमन उद्या येतो म्हणाला आणि त्याच्या हिशेबाने उद्याच आला. आमच्या हिशेबाने तो सहावा दिवस होता. त्याने बाहेरून ड्रिल लावलं. मी आत, भोक जिथे निघायला हवं तिथे पेन्सिलने फुली मारून उभा होतो. फुलीपाशी काहीच निघालं नाही. स्वयंपाकघरात मात्र पत्र्याचा आवाज झाला. ड्रिल फळीवरच्या चहाच्या डब्यातून बाहेर आलं होतं.

वायरमनने आत येऊन पाहणी केली. "डबा राहू द्यायचाय का?" त्याने विचारलं. "वायर त्यातून काढली तर दिसणार पण नाही."

डबा हलवला. राउटर स्वयंपाकघरातच, फळीवर बसला. वेग मात्र पंचेचाळीस ते अठ्ठेचाळीस, सकाळ-संध्याकाळ सारखा. मी भारावून गेलो. तिसऱ्या दिवशी दोन गल्ल्या पलीकडे कोणीतरी रस्ता खणला आणि सगळं बंद पडलं ते दोन दिवस. म्हणजे बघा, मोबाइलचं नेट हुशार पण लहरी. कधीही येतं, कधीही रुसतं. ब्रॉडबँड सरळमार्गी नोकरदार. रोज वेळेवर हजर, पण एकदा गैरहजर राहिला की निरोप नाही, अर्ज नाही. दोघांपैकी कोणावर घर सोपवावं? मी रात्रंदिवस आकडे लिहीत होतो आणि बायको आरशासमोर उभी राहून 'मुलं गणिताला का घाबरतात' या विषयावर बोलत होती. कधी कधी ती मला श्रोता म्हणून बसवायची.

"कसं वाटलं?"

"छान. पण तू आत्ता उभी आहेस तिथे मोबाइलचा वेग अकरा आहे."

अखेर रविवारी निर्णय झाला. मुख्य सेवा ब्रॉडबँड, राखीव सेवा मोबाइल, आणि जगबुडी झालीच तर न्हाणीघर. तक्ता सात पानांचा झाला होता. उंदरांसकट प्रत्येक रकाना भरला होता. फक्त शेवटचा एक राहिला : 'प्रत्यक्ष कामाच्या वेळचा वेग'. तो अर्थातच प्रत्यक्ष कामाच्या वेळीच भरता येणार होता.

मंगळवारी मी रजा घेतली. साडेदहाला बायको झोपायच्या खोलीत टेबलाशी बसली. मागे पुस्तकं, समोर दिवा, अंगावर ठेवणीतली साडी. मी दाराची घंटा काढून ठेवली होती. सचिवबाई जिन्यात पहारा देत होत्या. तज्ज्ञांनी वरून निरोप पाठवला होता की आज आपण स्वतःचं वायफाय पूर्ण मोकळं ठेवलं आहे.

बरोबर अकराला तिचा आवाज सुरू झाला. स्वच्छ, न अडखळता. मी स्वयंपाकघरात राउटरसमोर तक्ता घेऊन बसलो होतो. ऊर भरून आला होता. म्हटलं, जमलं. तीन आठवडे लोकांनी हसून घेतलं, पण जमलं.

आणि मग माझी नजर त्या रिकाम्या रकान्याकडे गेली.

सव्वाअकरा वाजले होते. मी मोबाइल काढला, ब्रॉडबँडला जोडला आणि स्पीड टेस्टचं बटण दाबलं. सत्तेचाळीस. एका नोंदीवर विसंबू नये, किमान तीन घेऊन सरासरी काढावी, असा आमच्याकडे संकेत आहे. पुन्हा दाबलं. अठ्ठेचाळीस. तिसऱ्यांदा दाबलं. सत्तेचाळीस. मी रकाना भरला. तक्ता पूर्ण झाला. आयुष्यात इतका निर्दोष तक्ता मी केला नव्हता.

अकरा पंचविसाला ती बाहेर आली. मुलाखत बारापर्यंत होती.

"अडकलं," ती म्हणाली. "मी जेवणानंतरच्या तासावर येतच होते. तेवढ्यात सगळे थिजले. पुन्हा सुरू झालं तेव्हा ते एकमेकांना विचारत होते, बाईंना काही झालंय का. त्यांच्या पडद्यावर म्हणे माझं तोंड उघडं, डोळे मिटलेले, तसंच राहिलं होतं. मग म्हणाले, असू दे, तुमची गैरसोय होतेय, पुढच्या उमेदवारांना घेतो."

तिने साडीच्या पिना काढून एकेक करून टेबलावर ठेवल्या. रडली नाही. रडली असती तर मला काहीतरी करता आलं असतं.

मी मात्र पेटलो. कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन लावला. बारा मिनिटं संगीत ऐकलं आणि तेराव्या मिनिटाला, ग्राहक, नागरिक आणि पती या तिन्ही नात्यांनी मी जे बोललो ते छापण्यासारखं होतं. पलीकडच्या मुलीने शांतपणे ऐकून घेतलं.

"सर, लाईन तर चालू दिसतेय. सव्वाअकरा ते अकरा अठरा तुमच्याच घरातून पूर्ण वापर झालाय. कोणी काही मोठं डाउनलोड करत होतं का? किंवा स्पीड टेस्ट? ती सगळी लाईन खेचून घेते, सर. दुसरं काही चालूच शकत नाही तेव्हा."

मी तक्त्याकडे पाहिलं.

"हॅलो? सर? आणखी काही मदत करू शकते का?"

नाही, बाई. आणखी कोणीही काही करू शकत नव्हतं.

मी बायकोला सांगितलं की कंपनी चौकशी करते आहे. हे वाक्य कार्यालयात मी हजारदा वापरलं असेल. घरी ते किती पोकळ वाजतं हे त्या दिवशी कळलं. दोन दिवस मी जेवताना ताटाकडे बघत जेवलो. गुरुवारी संस्थेचं उत्तर आलं. व्यत्यय तांत्रिक असल्याचा लेखी पुरावा शनिवारपर्यंत दिल्यास पुन्हा मुलाखत घेण्याचा विचार करता येईल.

"हे कागदाचं काम," तिने मोबाइल माझ्यासमोर ठेवला. "तुमच्याकडे देते."

तज्ज्ञांना कसं कळलं कोण जाणे. संध्याकाळी ते घडी घातलेला एक पिवळा कागद घेऊन आले. "एक्स्चेंजचं लेटरहेड आहे. एकच उरलंय. लिहितो मी, 'लाईनमध्ये गंभीर बिघाड'. सही ठोकतो."

"तुमचं एक्स्चेंज बंद होऊन अकरा वर्षं झाली."

"म्हणून तर! विचारणार कोणाला?"

खोटं सांगत नाही, मी तो कागद हातात घेतला. उजेडात धरून पाहिला. कागद उत्तम होता. पण आयुष्यभर दुसऱ्यांची खोटी दरपत्रकं ज्याने पकडली त्याला स्वतःचं पहिलं खोटं लिहायला एवढा चांगला कागद वापरवेना. मी तो परत केला आणि स्वतःच लिहायला बसलो.

'उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, सदर व्यत्यय सेवा पुरवठादाराच्या दोषामुळे नसून, निम्नस्वाक्षरीकाराने मुलाखत चालू असताना तुलनात्मक तक्त्यातील रकाना क्रमांक एकोणीस भरण्याच्या हेतूने सलग तीन वेळा केलेल्या वेगचाचणीमुळे उद्भवला. तक्ता सोबत जोडला आहे.'

तक्ता जोडायची गरज नव्हती. पण सहपत्राशिवाय पत्र मला उघडं वाटतं.

पत्र तिच्या हातात दिलं. तिने उभ्यानेच वाचलं. दोनदा वाचलं.

"निम्नस्वाक्षरीकार कोण हो?"

"मी."

"मग 'मी' लिहा ना."

मी खोडून 'मी' लिहिलं. तो एकाक्षरी शब्द लिहायला मला पहिल्या सात पानांहून जास्त वेळ लागला.

"चूक माझी आहे," मी म्हणालो. "तुला मंगळवारीच सांगायला हवं होतं."

"मला मंगळवारीच माहीत होतं."

"कसं?"

"सगळं थिजलं, आवाज बंद झाला, घरात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. आणि स्वयंपाकघरातून तुमचा आवाज आला, 'वा! अठ्ठेचाळीस!'"

मी पेनाला टोपण लावलं.

"दोन दिवस वाट बघत होते," ती म्हणाली आणि पत्र पाकिटात घातलं. "बघत होते, कुठल्या पायरीला उत्तर येतं."

संस्थेने दुसरी संधी दिली. बायकोने एकच अट घातली : मुलाखत तिच्या धाकट्या बहिणीच्या घरून, आणि मी त्या घराच्या आसपास फिरकायचं नाही. मी फक्त आदल्या दिवशी मेहुणीला फोन केला.

"तुमच्याकडे मोबाइलचं आहे का वायरचं?"

"काय की, भाऊजी. भिंतीवर एक पांढरं काहीतरी लुकलुकतं, तेच असेल."

"वेग किती आहे?"

"वेग?" ती म्हणाली. "चालतं की."

मी रात्रभर जागा होतो. आणि ते चाललं. पूर्ण तासभर, एकदाही न अडकता.

मुलाखतीत पहिला प्रश्न निवड समितीतल्या वयोवृद्ध विश्वस्तांनी विचारला, असं तिने घरी आल्यावर सांगितलं. त्यांच्यासमोर माझं पत्र होतं आणि सातही पानं होती.

"बाई, घरात हे असं असताना तुम्ही शिस्त कशी राखता?"

"शाळेत राखते, सर," ही म्हणाली.

तिला जागा मिळाली. पूर्ण नव्हे, एक वर्षासाठी प्रभारी. वर्षानंतर पुन्हा मुलाखत, पुन्हा व्हिडिओवर. त्या दिवशी मी कुठे असावं याबद्दल तिच्या माहेरी आतापासून बोलणी चालू आहेत. माझं पत्र सहपत्रांसह तिच्या नेमणुकीच्या फाइलला लावलेलं आहे आणि नियमाप्रमाणे ते कायम जतन होईल. आमची मुलंनातवंडं आम्हाला विसरतील. ती फाइल विसरणार नाही.

जुन्या मुख्याध्यापिकांच्या निरोपाला मी गेलो होतो. शेवटच्या रांगेत, खांबाआड बसलो. कार्यक्रम संपल्यावर मागच्या दाराने निघालो होतो, तेवढ्यात एका वृद्ध हाताने माझा दंड धरला. ते विश्वस्त होते. त्यांच्यामागे अख्खा शिक्षकवृंद चहाचे कप घेऊन उभा होता.

"तुम्हीच ना ते?" ते म्हणाले. "सगळी पानं वाचली मी. शेवटच्या पानावर शाई पसरली होती, तेवढा आकडा लागला नाही. किती आला हो शेवटी?"

सगळा हॉल थांबला. दूर व्यासपीठाजवळ उभी असलेली माझी बायको माझ्याकडे बघत होती. अगदी हलकेच तिने मान हलवली : नको.

"सत्तेचाळीस पूर्णांक तेहेतीस," मी म्हणालो. "तीन नोंदींची सरासरी."